पाळीची अनियमितता : लाज नको, उपचार हवा



ॲरिझोनातील चँडलर येथून एका मातेचे पत्र आले आहे. नाव छापू नये अशी तिची इच्छा आहे, म्हणून ते देत नाही. ती लिहिते की, तिची एकोणीस वर्षांची मुलगी कॉलेजात शिकते. अंगाने बारीक, अभ्यासात हुशार. गेली तीन वर्षे तिची पाळी कधी दोन महिन्यांनी, तर कधी चार महिन्यांनी येते. हनुवटीवर राठ केस येतात. ते ती रोज सकाळी दार लावून काढते. शब्बाथच्या संध्याकाळी घरी पाहुणे आले तर किद्दूशपुरती बाहेर येते आणि लगेच खोलीत जाते. एका डॉक्टरांनी "वजन ठीक आहे, काळजीचे कारण नाही" असे सांगून परत पाठविले. ठाण्याच्या आजीने एलियाहू हन्नाबीचा नवस बोलून मलिदा करण्यास सांगितले. अश्दोदच्या मावशीने फोनवर सल्ला दिला, "लग्न करून टाका, सगळे आपोआप सुरळीत होईल." पत्राच्या शेवटी मातेने एकच प्रश्न विचारला आहे : "माझ्या मुलीला मूल होईल ना?"

या पत्राचे उत्तर त्या एकट्या मातेला न देता सर्वांसमोर देण्याचे कारण आहे. या मुलीची लक्षणे ज्या विकाराची वाटतात, तो पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, म्हणजे पी.सी.ओ.एस., हा विकार मुळीच दुर्मिळ नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मूल होण्याच्या वयातील शंभर स्त्रियांपैकी १० ते १३ जणींना तो असतो, आणि ज्यांना असतो त्यांपैकी ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांना आपल्याला काय झाले आहे हे ठाऊकच नसते. याचा अर्थ असा की, आपल्या महिला मंडळाच्या सभेला वीस तरुण स्त्रिया जमल्या, तर त्यांतील दोघींना तरी हा त्रास असण्याचा संभव आहे. त्या दोघीही गप्प बसलेल्या असतात.

हा लेख डॉक्टरांच्या जागी नाही. डॉक्टरांकडे जाताना काय विचारावे आणि घरी काय करावे हे समजावे, एवढाच याचा हेतू आहे.

१. नाव फसवे आहे

'पॉलिसिस्टिक' या शब्दामुळे पुष्कळ बायका घाबरतात. पोटात गाठी आहेत, त्या कापून काढाव्या लागतील असे त्यांना वाटते. वस्तुतः या गाठी नव्हेत. स्त्रीच्या अंडाशयात दर महिन्याला काही पुटिका, म्हणजे बीज असलेल्या बारीक पाण्याच्या पिशव्या, वाढू लागतात. त्यांतील एक पूर्ण पिकते, फुटते आणि बीज बाहेर पडते. या विकारात पुष्कळ पुटिका वाढू लागतात, परंतु कोणतीच पूर्ण पिकत नाही. त्या अर्धवट वाढलेल्या पुटिका सोनोग्राफीत मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. नावात 'सिस्ट' आले ते त्यामुळे.

विकार नवा नाही. इटलीतील वैद्य आंतोनियो वालिस्नेरी यांनी १७२१ साली अशा अंडाशयाचे वर्णन करून ठेवले आहे. आधुनिक वैद्यकात त्याची नोंद १९३५ साली झाली. शिकागोच्या मायकेल रीज हॉस्पिटलमधील डॉ. अर्व्हिंग स्टाइन आणि डॉ. मायकेल लेव्हेन्थल यांनी पाळी न येणाऱ्या सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. ते हॉस्पिटल शिकागोच्या ज्यू समाजाच्या देणग्यांतून उभे राहिलेले होते. पुढे अनेक वर्षे या विकाराला 'स्टाइन-लेव्हेन्थल' असेच नाव होते. जुन्या पिढीतील कोणा आत्याच्या कागदपत्रांत हे नाव आढळले तर विकार तोच समजावा. त्या काळी अंडाशयाचा तुकडा कापून काढीत. आज तशी शस्त्रक्रिया सहसा करावी लागत नाही.

२. आत काय बिघडते?

कोकणातील घरांची लाकडी दारे आठवा. पावसाळ्यात दार फुगते, मग ते उघडण्यासाठी खांद्याने जोर द्यावा लागतो. आपल्या शरीरात इन्शुलिन हा रस साखरेसाठी पेशींची दारे उघडतो. काही जणांची ही दारे जणू फुगलेली असतात. म्हणून शरीर अधिकाधिक इन्शुलिन तयार करते आणि जोर लावून साखर आत ढकलते. रक्तातील साखर बरीच वर्षे ठीक दिसते, पण त्यासाठी इन्शुलिनचा खर्च दुप्पट-तिप्पट होत असतो.

आता अडचण अशी की, अंडाशयाचे दार फुगलेले नसते. तिथे तोच जोर फार पडतो. जास्तीच्या इन्शुलिनमुळे अंडाशय टेस्टोस्टेरोनसारखे पुरुषी रस अधिक तयार करू लागते. हे रस प्रत्येक स्त्रीच्या शरीरात थोडे असतातच. इथे ते प्रमाणाबाहेर जातात. शिवाय त्यांना बांधून ठेवणारे एक प्रथिन यकृतात तयार होते, तेही इन्शुलिन वाढले की कमी होते. परिणामी मोकळे पुरुषी रस वाढतात. त्यांच्यामुळे हनुवटीवर, ओठांवर, पोटावर राठ केस येतात, मुरुमे येतात, डोक्यावरचे केस विरळ होतात आणि पुटिका अर्धवट वाढून थांबतात. बीज सुटत नाही, म्हणून पाळी वेळेवर येत नाही.

प्रत्येकीत कारण एवढेच असते असे नाही. मेंदूकडून अंडाशयाला येणारे संदेशही बदललेले असतात, आणि आईकडून वा वडिलांकडून आलेला वारसाही असतो. परंतु आपल्या लोकांसाठी इन्शुलिनचा भाग फार महत्त्वाचा आहे. तो पुढे सांगितला आहे.

३. ओळखावे कसे?

पाळी सुरू झाल्यापासून पहिले वर्ष ती मागेपुढे होणे स्वाभाविक आहे. त्यानंतर तीन वर्षांपर्यंत २१ दिवसांच्या आत किंवा ४५ दिवसांच्या पुढे जाऊ लागली, तर लक्ष द्यावे. तीन वर्षांनंतर २१ ते ३५ दिवसांची मर्यादा धरावी. वर्षात आठापेक्षा कमी पाळ्या येणे, किंवा पहिल्या वर्षानंतर कधीही ९० दिवसांहून अधिक खंड पडणे, हे डॉक्टरांना सांगण्याचे कारण आहे. पंधराव्या वर्षापर्यंत पाळी आलीच नाही, तरीही दाखवावे.

प्रौढ स्त्रीत पुढील तीनपैकी दोन गोष्टी असतील आणि दुसरे कारण सापडले नाही, तर पी.सी.ओ.एस. धरतात. एक, पाळीची अनियमितता. दोन, पुरुषी रस वाढल्याच्या खुणा, अंगावर किंवा रक्ततपासणीत. तीन, सोनोग्राफीत पुष्कळ पुटिका दिसणे. हा नियम २००३ साली रॉटरडॅम येथील बैठकीत ठरला. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात त्यात भर पडली : प्रौढ स्त्रियांत सोनोग्राफीऐवजी ए.एम.एच. नावाची रक्ततपासणीही चालते, आणि पहिल्या दोन गोष्टी स्पष्ट असतील तर सोनोग्राफीची गरज नाही.

कोवळ्या मुलींच्या बाबतीत मात्र पहिल्या दोन्ही गोष्टी हव्यात. पाळी सुरू झाल्यापासून आठ वर्षांपर्यंत सोनोग्राफीवरून निदान करू नये, कारण त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही पुष्कळ पुटिका दिसतात. नुसता सोनोग्राफीचा कागद पाहून सोळा वर्षांच्या मुलीवर आयुष्याचा शिक्का मारणे चूक आहे.

४. तपासण्या आणि एक विशेष सूचना

पाळी चुकण्याची दुसरी कारणे आधी तपासावीत. गर्भधारणा, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ही नेहमीची. याशिवाय एक तपासणी ज्यू कुटुंबांनी लक्षात ठेवावी. मूत्रपिंडावरील ॲड्रिनल ग्रंथींचा एक सौम्य जन्मजात विकार हुबेहूब पी.सी.ओ.एस.सारखा दिसतो. १९८५ साली न्यूयॉर्कमधील संशोधकांनी तो अश्केनाझी ज्यूंमध्ये विशेष आढळत असल्याचे दाखविले. त्यासाठी सकाळच्या वेळी १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरोन ही रक्ततपासणी करतात. दोन्हींचे उपचार वेगळे असल्याने ती करून घेणे बरे.

इथे आपली एक गंमत होते. अमेरिकेत डॉक्टरांना "आम्ही ज्यू" असे सांगितले की ते अश्केनाझी समजतात. "आम्ही भारतीय" म्हटले की हिंदू समजतात. आपण दोन्ही सांगावे : बेने इस्राएल, कोकणातले, भारतातून आलेले ज्यू. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात बेने इस्राएल लोकांचा वारसा ज्यू आणि भारतीय असा दुहेरी असल्याचे दिसून आले. आपल्या आजीआजोबांना जे ठाऊक होते, त्याला आता प्रयोगशाळेचा दाखला मिळाला आहे. डॉक्टरांनीही दोन्ही बाजू ध्यानात घ्याव्यात.

निदान झाल्यावर साखरेची तपासणी आवश्यक आहे. ७५ ग्रॅम ग्लुकोजचे पाणी पिऊन दोन तासांनी करतात ती तपासणी उत्तम. ती शक्य नसेल तर उपाशीपोटी साखर किंवा ए-वन-सी. दर एक ते तीन वर्षांनी ती पुन्हा करावी. रक्तदाब आणि चरबी तपासावी. झोपेत मोठ्याने घोरणे आणि दिवसा गळून जाणे असेल तर तेही सांगावे, कारण झोपेत श्वास अडण्याचा त्रास या विकारात अधिक होतो.

५. बारीक मुलीलाही का?

"वजन ठीक आहे" असे सांगून त्या मुलीला परत पाठविले, हे अपुरे झाले. पी.सी.ओ.एस. फक्त स्थूल स्त्रियांचा आजार नाही. २०१४ साली मुंबईतील तरुण मुलींचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात रॉटरडॅमच्या नियमाने २२.५ टक्के मुलींत आणि दुसऱ्या कडक नियमाने १०.७ टक्के मुलींत हा विकार आढळला. रॉटरडॅमच्या नियमाने ज्यांचे निदान झाले त्यांपैकी ७१.८ टक्के मुली स्थूल नव्हत्या.

याचे कारण समजण्यास पुण्याच्या के.ई.एम. हॉस्पिटलमधील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे काम उपयोगी पडते. २००४ साली त्यांनी आणि त्यांचे इंग्रज मित्र डॉ. जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचा फोटो छापला. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे, बी.एम.आय. २२.३. परंतु युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के! म्हणजे वजनकाटा दोघांना सारखेच म्हणतो, पण भारतीय माणसाच्या बारीक शरीरातही चरबी दडलेली असते, विशेषतः पोटाच्या आत. म्हणूनच अमेरिकेत मधुमेहाच्या तपासणीसाठी इतरांना बी.एम.आय. २५ ची रेषा धरतात, पण आशियाई वंशाच्या लोकांना २३ ची. डॉक्टरांकडे गेल्यावर ही गोष्ट नम्रपणे पण स्पष्टपणे सांगावी. घरात कोणाला मधुमेह आहे तेही सांगावे.

६. चँडलरच्या शेजारचा धडा

चँडलर हे गाव १९१२ साली डॉ. अलेक्झांडर चँडलर या गुरांच्या डॉक्टराने वसविले. आज ते पावणेतीन लाख वस्तीचे शहर असून संगणकाच्या चिप्स बनविण्याच्या उद्योगामुळे पुष्कळ भारतीय कुटुंबे तिथे स्थायिक झाली आहेत. या शहराला लागूनच गिला नदीकाठच्या आदिवासींचे क्षेत्र आहे. बाहेरचे लोक त्यांना पिमा म्हणत. ते स्वतःला अकिमेल ओओडम, म्हणजे नदीचे लोक, म्हणतात. ते वाळवंटात कालवे काढून शेती करणारे कष्टाळू लोक होते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नव्या वसाहतवाल्यांनी नदीचे पाणी वरच्या बाजूला वळविले. शेती बुडाली, उपासमार झाली. पुढे सरकारी मैदा, साखर आणि चरबी यांवर गुजराण होऊ लागली. १९६५ पासून सरकारी संशोधकांनी तिथे मधुमेहाचा अभ्यास केला, तेव्हा जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक तिथे आढळले.

याच लोकांचे रक्ताचे भाऊबंद मेक्सिकोच्या डोंगरात राहतात आणि अंगमेहनतीची शेती करतात. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या तुलनेत अमेरिकेतील पिमांत मधुमेहाचे प्रमाण ३८ टक्के, तर मेक्सिकोतील पिमांत अवघे ६.९ टक्के निघाले. वारसा जवळजवळ एकच, फरक राहणीचा. म्हणजे दोष त्या लोकांच्या स्वभावाचा नव्हे. ज्यांचे पाणी गेले त्यांचे अन्न आणि कष्ट दोन्ही बदलले.

आपणही स्वतःकडे पाहावे. आपले पूर्वज कोकणात घाणा चालवीत आणि शनिवारी काम बंद ठेवीत, म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. आज त्यांची नातवंडे-पणतवंडे वातानुकूलित घरातून मोटारीत, मोटारीतून कचेरीत आणि कचेरीतून खुर्चीत. अंग मात्र तेच, कोकणातले.

आशेची गोष्टही इथलीच आहे. २००२ साली अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाचा एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्यात ॲरिझोनातील आदिवासी स्त्रीपुरुषांनीही भाग घेतला होता. साखर वाढू लागलेल्या लोकांनी थोडे वजन उतरवून आठवड्यात दीडशे मिनिटे व्यायाम केला, तेव्हा मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी घटले. मेटफॉर्मिन या गोळीने ३१ टक्क्यांनी. चालण्याने गोळीपेक्षा जास्त काम केले.

७. आहार आणि चालणे

पी.सी.ओ.एस.साठी एखादा खास आहार श्रेष्ठ आहे असे सिद्ध झालेले नाही. उपाशी राहू नये, जाहिरातीतील पावडरींवर पैसे उडवू नयेत. आपलेच जेवण थोडे बदलावे.

ताटात आधी भाजी आणि प्रथिने वाढावीत : वालाचे बिरडे, मुगाची उसळ, अंडी, कोंबडी किंवा खवल्यांची मासळी. भात शेवटी आणि एक वाटी. तांदळाच्या भाकरीबरोबर ज्वारी-नाचणीचीही पाळी लावावी. त्यांचे पीठ इथल्या भारतीय दुकानांत मिळते. नारळाचे दूध आपल्या कालवणाचा जीव आहे, ते सोडण्यास कोण सांगेल? पण ते रोज घट्ट न घालता पातळ घालावे. रोश हाशानाचा चिकाचा हलवा वर्षातून एकदा येतो, त्याची एक वडी आनंदाने खावी. डबा भरून आठवडाभर खाऊ नये. खरे नुकसान सणाच्या हलव्याने होत नाही, रोजच्या सोड्याने, गोड कॉफीने आणि चहाबरोबरच्या बिस्किटांनी होते.

ज्यांना कोशर मांस सहज मिळत नाही ती कुटुंबे पुष्कळदा घरी शाकाहारीच राहतात. त्यांनी प्रथिने आणि बी-१२ जीवनसत्त्व यांकडे लक्ष द्यावे. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने बी-१२ आणखी कमी होऊ शकते, म्हणून त्याची तपासणी मागून घ्यावी.

व्यायाम आठवड्यात किमान दीडशे मिनिटे, आणि दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा : पाण्याच्या बाटल्या उचलणे, उठाबशा, जिने चढणे. वजन घटले नाही तरी व्यायामाने ती फुगलेली दारे सैल होतात, हे लक्षात ठेवावे. ज्या स्थूल आहेत त्यांचे वजन शेकडा पाच उतरले तरी पुष्कळदा फरक पडतो.

"पण चँडलरच्या उन्हात चालायचे कसे?" हा प्रश्न रास्त आहे. २०२३ च्या उन्हाळ्यात फिनिक्स परिसरात सलग ३१ दिवस पारा ११० अंश फॅरनहाइटवर, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या वर गेला. अशा दिवसांत दुपारी चालणे धोक्याचे. उन्हाळ्यात पहाटे कालव्याकाठच्या पासेओ पायवाटेवर चालावे, किंवा चँडलर फॅशन सेंटरसारख्या थंडगार बाजारात आतल्या आत फेऱ्या माराव्यात. आई आणि मुलगी दोघींनी मिळून चालल्यास उत्तम. मुलीला एकटीला "तू चाल" म्हणणे ही शिक्षा वाटते. "चल, आपण जाऊ" म्हटले की ती सोबत होते.

८. औषधे

मूल नको असेल तेव्हा पाळी नियमित करण्यासाठी संततिनियमनाच्या मिश्र गोळ्या देतात. अविवाहित मुलीला या गोळ्या दिल्या म्हणून आईने दचकू नये. इथे त्या पाळीचे औषध आहेत. त्यांनी केस आणि मुरुमेही कमी होतात. मात्र रक्ताच्या गुठळ्या झालेल्या, किंवा डोळ्यांपुढे प्रकाश चमकून अर्धशिशी उठणाऱ्या स्त्रियांनी ते डॉक्टरांना आधीच सांगावे. त्यांना दुसरा उपाय देतात.

गोळ्या नको असतील तरी तीन महिन्यांहून अधिक काळ पाळी तुंबू देऊ नये. गर्भाशयाचे अस्तर साचत गेले तर पुढे त्याचा कर्करोग होण्याचा धोका वाढतो. प्रत्यक्षात तो थोड्याच जणींना होतो, पण टाळता येण्याजोगा आहे. प्रोजेस्टेरोन जातीचे औषध ठराविक दिवस देऊन पाळी आणतात.

मेटफॉर्मिन इन्शुलिनची गरज कमी करते. सुरुवातीस पोट बिघडते, म्हणून थोड्या मात्रेने, जेवणाबरोबर सुरू करतात. योम किप्पूरच्या उपवासात ती कशी घ्यावी हे आधीच डॉक्टरांना विचारावे. नव्या सेमाग्लुटाइडसारख्या इंजेक्शनांनी वजन उतरते, पण मूल हवे असेल तर ती आधी बंद करावी लागतात. इनोसिटॉल पुष्कळ जणी घेतात; त्याचा फायदा मर्यादित असल्याचे दिसते.

केसांसाठी थ्रेडिंग, लेझर, विजेने मुळे जाळणे हे सर्व चालते. औषधाचा गुण दिसण्यास सहा महिने तरी लागतात. स्पायरोनोलॅक्टोन ही गोळी चालू असताना गर्भ राहू देऊ नये, कारण पोटातील मुलग्यावर परिणाम होऊ शकतो.

ज्या घरांत निद्दा आणि मिक्वेचे नियम पाळतात, तिथे दीर्घकाळ डाग पडत राहणे हे पतिपत्नी दोघांनाही कठीण जाते. हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे आणि रब्बींनाही विचारावे. औषधाने दिवस आटोक्यात आणता येतात.

९. मूल होईल का?

आता मातेच्या प्रश्नाचे उत्तर. होय, बहुधा होईल. पी.सी.ओ.एस. असलेल्या बहुतेक स्त्रिया माता होतात. कोणी आपोआप, कोणी थोड्या मदतीने. या विकारात बीजे संपलेली नसतात, फक्त वेळेवर सुटत नाहीत. म्हणून "लवकर लग्न करा" ही घाई नको. आणि "मला मूल होणारच नाही" असे समजून मुलीने बेसावधही राहू नये.

बीज सुटावे म्हणून आज प्रथम लेट्रोझोल देतात. २०१४ साली अमेरिकेत ७५० स्त्रियांवर झालेल्या तुलनेत लेट्रोझोल घेणाऱ्यांपैकी २७.५ टक्के स्त्रियांना मूल झाले, जुन्या क्लोमिफेनने १९.१ टक्के. हे मूळचे स्तनाच्या कर्करोगाचे औषध, म्हणून माहितीपत्रक वाचून घाबरू नये. भारतात २०११ साली वंध्यत्वासाठी त्यावर बंदी आली होती, ती २०१७ साली उठली. तेव्हा मुंबईहून कोणी "ते बंदीचे औषध आहे" म्हणाले तर ही माहिती द्यावी. गोळ्यांनी न झाल्यास इंजेक्शने आणि पुढे प्रयोगशाळेतील गर्भधारणेचा मार्ग आहे. या इंजेक्शनांच्या आरंभीच्या कामात १९६० च्या दशकात इस्राएलमधील तेल हाशोमेर येथील डॉ. ब्रूनो लुनेनफेल्ड यांचा मोठा वाटा होता.

गर्भ राहिल्यावर साखर आणि रक्तदाब लवकर तपासावेत, कारण गरोदरपणातील मधुमेह या स्त्रियांत अधिक होतो.

१०. हन्नाची गोष्ट आणि आपले घर

रोश हाशानाच्या पहिल्या दिवशी हफ्तारात आपण हन्नाची कथा ऐकतो. तिला मूल नव्हते. सवत पनिन्ना तिला टोचून बोले. नवरा एल्काना प्रेमळ होता, पण तिचे दुःख त्याला पुरते कळले नाही. मी तुला पुरेसा नाही का, असे तो विचारतो. शिलो येथे ती ओठ हलवून मुक्याने प्रार्थना करीत होती, तर एली याजकाला ती मद्य प्यालेली वाटली. इथे हन्नाने जे केले ते लक्षात ठेवावे. ती उठून निघून गेली नाही. आपण दुःखी आहोत, प्यालेलो नाही, असे तिने त्याला सांगितले. आणि एलीनेही आपली चूक कळताच तिला आशीर्वाद दिला.

आपल्यातही पनिन्ना आहेत : "अजून काही बातमी नाही?" असे लग्नमंडपात विचारणाऱ्या. एल्काना आहेत : "एवढे काय मनावर घेतेस?" म्हणणारे. एलीही आहेत : खोलीत बसणाऱ्या मुलीला गर्विष्ठ किंवा आळशी समजणारे. या विकारात उदासीनता आणि चिंता इतर स्त्रियांपेक्षा पुष्कळ अधिक आढळतात, म्हणून मनाची विचारपूसही तपासणीचाच भाग आहे, असे २०२३ चे मार्गदर्शन सांगते. मुलगी जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असे बोलत असेल, तर वाट न पाहता मदत घ्यावी.

आजीने सांगितलेला मलिदा अवश्य करावा. एलियाहू हन्नाबीचे नाव घ्यावे, घरात चार माणसे जमावीत, मुलीच्या हातून पोहे-खोबरे कालवून घ्यावे. परंतु मलिदा झाल्यावर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांची वेळ घ्यावी. देवावरचा विश्वास आणि औषध यांत आपल्या लोकांनी कधी भांडण मानले नाही. मुंबईच्या कामा हॉस्पिटलची धुरा वाहिलेल्या आणि १९६६ साली पद्मश्री मिळालेल्या डॉ. जेरूशा झिराड आपल्याच समाजाच्या. त्यांनी आयुष्य बायकांच्या दुखण्यांना वाहिले. ज्या समाजाने अशी डॉक्टरीण दिली, त्या समाजातील मुलीने पाळीचा शब्द उच्चारण्यास लाजावे, हे बरे नाही.

चँडलरच्या भगिनी, तुमच्या मुलीला हा लेख वाचून दाखवा. मराठी वाचता येत नसेल तर समोर बसून समजावून सांगा. पाळीच्या तारखा, केसांचा त्रास, घरातील मधुमेह हे एका कागदावर लिहून दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा हॉर्मोनच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. आणि येत्या शब्बाथला पाहुणे आले तर तिला बाहेर बोलावण्याआधी तिच्या खोलीत जाऊन पाच मिनिटे तिच्याजवळ बसा.

महिला मंडळात चर्चेसाठी :

१. आपल्या घरात पाळीविषयी मुलीशी प्रथम कोण बोलले? वडिलांना आणि भावांना काय ठाऊक आहे?

२. आईवडील, आजीआजोबा, मामा-आत्या यांच्यापैकी कोणाकोणाला मधुमेह आहे, याची यादी करा. आपली स्वतःची तपासणी केव्हा झाली?

३. सणाच्या ताटातील कोणते पदार्थ आहेत तसेच ठेवाल, आणि रोजच्या ताटातील काय बदलाल?

४. हन्नाच्या कथेतील कोणाचे वागणे आपल्याकडून झाले आहे? ते सुधारण्यास या आठवड्यात कोणाला भेटाल?

परमेश्वर आपल्या सर्व मुलींना आरोग्य आणि धीर देवो. शालोम.